स्वयंचलित यंत्रें आणि द्राक्षबागेंतील कार्यकारणभाव

निफाड, दिंडोरी, चांदवड व बागलाण या तालुक्यांतून जातांना द्राक्षबागेच्या बांधावर उभा केलेला मापकांचा एक खांब आतां वारंवार दृष्टीस पडतो. त्यावरील साधनें पाऊस, उष्णमान, हवेंतील दमटपणा, वारा आणि पानावरील ओल यांची नोंद रात्रंदिवस घेतात, आणि ती नोंद मालकाच्या मोबाईलवर जाते. कांहीं बागांत अशाच नोंदींवरून ठिबकाचे व्हॉल्व्ह आपोआप उघडतात व मिटतात. कांहींत 'आज केवड्याचा धोका आहे, औषध घ्यावें' असा संदेश येतो. मजुरीचे दर, विजेच्या अडनिड्या वेळा आणि औषधांच्या किंमती पाहतां बागाईतदारांचा ओढा या साधनांकडे असावा हें स्वाभाविक आहे, व त्याचें आम्ही स्वागतच करतों. परंतु पाणी व औषध यंत्राच्या हातीं सोंपविण्यापूर्वीं एका गोष्टीचा विचार अवश्य झाला पाहिजे. यंत्रास नोंद कळते. त्या नोंदींतील कोणती गोष्ट कशाचें कारण आहे, हें त्यास आपोआप कळत नाहीं. तें त्यास शिकवावें लागतें, आणि शिकविणारास तें आधीं स्वतः ठाऊक असावें लागतें.

हा विचार केवळ पंडितांचा नव्हे. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळाच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसानें नाशिक जिल्ह्यांतील बागांवर केवडा उतरला व पुष्कळांचें हातचें पीक गेलें. पुढें २०१० सालीं युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश तेथील मर्यादेबाहेर आढळला आणि माल अडकून पडला. वेळेवर उपाय न झाल्यानें जसें नुकसान होतें, तसेंच नको तो उपाय केल्यानेंहि होतें. यास्तव 'हा उपाय केला तर काय होईल, न केला तर काय होईल' या प्रश्नाचें खरें उत्तर ज्यास देतां येईल, त्याच्याच हातीं हुकूम असावा. मग तो मनुष्य असो वा यंत्र.

नोंदवही कशी फसविते

एक काल्पनिक उदाहरण घेऊं. एका गांवांत २० बागा आहेत. त्यांपैकीं १० बागांत केवड्यासाठीं पुष्कळ फवारण्या झाल्या व ४ बागांत रोग आला. उरलेल्या १० बागांत फवारण्या थोड्या झाल्या व ३ बागांतच रोग आला. हा हिशेब यंत्रापुढें ठेवला तर 'फवारणी वाढली कीं रोग वाढतो' असाच निष्कर्ष तें काढील.

आतां याच बागा जमिनीच्या ठेवणीप्रमाणें वेगळ्या करूं. नदीकांठच्या खोलगट जमिनींत १० बागा आहेत. तेथें दंव अधिक पडतें व उशीरां सुकतें. यांपैकीं ८ बागांत पुष्कळ फवारण्या झाल्या व ४ बागांत रोग आला. २ बागांत थोड्या झाल्या व दोहोंतहि रोग आला. उंचवट्यावरील १० बागांपैकीं २ बागांत पुष्कळ फवारण्या झाल्या व एकींतहि रोग आला नाहीं. ८ बागांत थोड्या झाल्या व एका बागेंत रोग आला. म्हणजे खोलगट जमिनींतहि फवारणीनें फायदा झाला आणि उंचवट्यावरहि झाला; एकत्र बेरजेंत मात्र तोटा दिसला. याचें कारण उघड आहे. ज्यास रोगाची धास्ती अधिक, तोच अधिक फवारतो. जमिनीचा खोलगटपणा रोगहि वाढवितो आणि फवारण्याहि वाढवितो. असें दोहोंच्या मुळाशीं असलेलें तिसरें कारण सुटलें कीं हिशेब उलटा होतो.

पाण्याच्या बाबतींत हीच चूक निराळ्या रूपानें होते. कडक उन्हाच्या दिवशीं व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा राहतो, आणि त्याच दिवशीं दुपारीं पानें मलूल होतात. नोंदींत 'पाणी अधिक' व 'पानें मलूल' हीं शेजारीं शेजारीं येतात. ऊन हें दोहोंचें कारण आहे हें ज्यास सांगितलेलें नाहीं तें यंत्र, ऐन उन्हांत पाणी कमी करण्याचाहि हुकूम देईल.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. उत्तम बसविलेला व्हॉल्व्ह जमिनींतील ओल सदैव एकाच पातळीवर राखतो. पाणी कधीं फार जातें, कधीं थोडें. ओल मात्र हालत नाहीं. अशी नोंद पाहणारास पाण्याचा ओलीशीं कांहींच संबंध दिसणार नाहीं! रोगाच्या इशाऱ्याचेंहि तेंच. इशारा आला, औषध वेळेवर पडलें, रोग आला नाहीं. आणि हंगामाच्या शेवटीं मालक म्हणतो कीं इशारे खोटे होते, रोग तर आलाच नाहीं. उपाय जितका नेमका, तितका त्याचा गुण नोंदींत कमी दिसतो, हें प्रत्येक बागाईतदारानें ध्यानांत ठेवावें.

बोर्डो मिश्रणाचा धडा

ज्या बोर्डो मिश्रणाचा आपण आजहि आधार घेतों, त्याची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. केवडा रोग अमेरिकेंतून फ्रान्स देशांत शिरला तो १८७८ च्या सुमारास. १८८२ सालीं बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांस मेडॉक प्रांतांत असें आढळलें कीं, रस्त्याकडेच्या वेलींचीं पानें टिकून आहेत व इतर वेलींचीं गळून गेलीं आहेत. चौकशी करतां कळलें कीं, वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडण्याची तेथें चाल होती. वरवर पाहणारास 'रस्त्याची धूळ पानें वांचविते' असें म्हणतां आलें असतें, किंवा 'कडेच्या ओळीस ऊन-वारा अधिक मिळतो' असेंहि म्हणतां आलें असतें. कारण धूळ, ऊन-वारा व मोरचूद या तिन्ही गोष्टी त्याच ओळींत एकत्र होत्या. मिलार्दे तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं तें मिश्रण मुद्दाम वेलींवर घालून पाहिलें, व खात्री झाल्यावर १८८५ सालीं त्याची कृति प्रसिद्ध केली. जें सहज दिसलें त्यावरून त्यांस शंका आली. खात्री झाली ती हातानें करून पाहिल्यावर.

कारणांचा नकाशा

कारणें कागदावर मांडण्याची एक सोपी रीत आहे. स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२१ सालीं तेथील एका शेतकी संशोधन पत्रिकेंत सहसंबंध आणि कार्यकारण या विषयावर निबंध लिहिला, व कारणापासून कार्याकडे बाण काढून सर्व गोष्टींचा नकाशा मांडण्याची पद्धति दाखविली. पुढें जुडीया पर्ल यांनीं आपल्या २००० सालच्या ग्रंथांत तिला गणिताची भक्कम बैठक दिली. त्यांच्या विवेचनाचें सार असें कीं, 'पाहणें' निराळें आणि 'करणें' निराळें. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या दिवशीं काय दिसलें, हा एक प्रश्न. आपण होऊन व्हॉल्व्ह उघडला तर काय होईल, हा दुसरा. यंत्रास हुकूम द्यावयाचा असतो, म्हणून त्यास दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हवें.

केवड्याचा नकाशा आपण काढून पाहूं. या रोगाचे बीजाणू रात्रीं दमट हवेंत पानाच्या खालच्या बाजूस तयार होतात, पावसाच्या थेंबांनीं व वाऱ्यानें पसरतात, आणि पानावर पाण्याचा थर कांहीं तास टिकला तर त्या पाण्यांतून पानाच्या छिद्रांवाटे आंत शिरतात. म्हणून पाऊस व दंव यांपासून 'पानाची ओल' या शब्दाकडे बाण काढावा, आणि तेथून रोगाकडे. दाट पालवींत पान लवकर सुकत नाहीं. म्हणून पालवीकडूनहि ओलीकडे बाण येईल. पालवी दाट होते ती जास्त पाण्यानें व जास्त नत्रानें. तेहि बाण काढावे. औषधाचा बाण रोगाकडे जाईल. शेवटीं, औषध केव्हां पडतें तें ज्यांवरून ठरतें, म्हणजे आभाळ, मागील डाग, शेजाऱ्याचा सल्ला व खिशांतील पैसा, यांचे बाण औषधाकडे येतील. भुरीचा नकाशा मात्र निराळा निघेल. भुरीच्या बीजाणूंस रुजण्यास पाण्याचा थर लागत नाहीं, उलट मोकळें पाणी त्यांस अपायकारक होतें. ढगाळ, सौम्य व सावलीची हवा तिला मानवते. एकाच दमटपणाच्या आंकड्यावर दोन्ही रोगांचा इशारा देणारें यंत्र कोठें चुकेल, हें यावरून कळेल.

हा नकाशा पुढें ठेवला कीं तीन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली, ओलीचा मापक बांधावर मोकळ्या हवेंत असेल तर तेथील ओल सकाळीं लवकर सुकेल, पण मांडवाखालचीं पानें ओलींच असतील. यंत्र 'सुकलें' म्हणेल तें बांधापुरतें खरें. दुसरी, फवारणीचें पाणी मापकावर पडलें तर यंत्र तोहि पाऊसच समजेल. सबब फवारणीची वेळ त्यास कळविली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाण्याचें यंत्र व रोगाचें यंत्र हीं बहुधा वेगवेगळीं असतात. पहिलें वेल जोमदार ठेवण्यासाठीं पाणी वाढवितें, त्यानें पालवी दाट होते, व दुसरें रोगाचा इशारा देऊन औषध वाढवितें. दोन्ही आपापल्या परीनें बरोबर असतात आणि खर्च मात्र मालकाचा वाढतो. येथें खरा उपाय औषधाच्या टाकींत नसून व्हॉल्व्हपाशीं व शेंडा खुडण्यांत असतो.

एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. वर आम्हीं बागा जमिनीच्या ठेवणीनें वेगळ्या केल्या, कारण ठेवण ही फवारणीच्या आधींची गोष्ट आहे. परंतु पाण्याचा रोगावरील परिणाम पाहावयाचा असतां दाट व विरळ पालवी अशा बागा वेगळ्या केल्या, तर चूक होईल. पाण्याचा परिणाम पालवीच्या मार्गानेंच होतो. तो मार्गच बंद केल्यावर परिणाम कोठून दिसणार? उपायाच्या आधींचें कारण वेगळें काढावें. उपायानंतर उपजणारें काढूं नये.

स्वतःच्या बागेंत परीक्षा

नकाशा हें अनुमान. त्याची परीक्षा शेतांतच व्हावी. शेतांतील प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून वाटणी करण्याची पद्धति इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १९१९ पासून काम करणाऱ्या फिशर यांनीं रूढ केली. आपल्याकडे पानसे व सुखात्मे या दोन मराठी विद्वानांनीं शेतकी कार्यकर्त्यांसाठीं संख्याशास्त्राचा ग्रंथ लिहिला, तो भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें १९५४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे.

बागाईतदारानें परीक्षा अशी करावी. बागेंतील ४० ओळी घेऊन पांच पांच ओळींचे ८ गट पाडावे, व शेजारच्या दोन दोन गटांची जोडी करावी. प्रत्येक जोडींत नाणें उडवून एक गट यंत्राच्या इशाऱ्याप्रमाणें व दुसरा आपल्या नेहमींच्या वेळापत्रकाप्रमाणें फवारावा. नाणें उडविणें यांत पोरखेळ नाहीं. आपण स्वतः निवड केली तर चांगल्या ओळी नकळत एकाच बाजूस जातात; नाण्यास खोलगट जमीनहि ठाऊक नसते आणि मालकाची धास्तीहि ठाऊक नसते. फवाऱ्याचे तुषार शेजारच्या ओळीवर उडतात, म्हणून मोजणी प्रत्येक गटाच्या मधल्या ओळींतच करावी: दहा वेली, प्रत्येकीचीं दहा पानें, आणि त्या शंभरांपैकीं डाग असलेलीं किती. त्याबरोबर फवारण्यांची संख्या, खर्च व तोडणीचें वजन लिहावें. एका हंगामावर विसंबूं नये. कोरड्या वर्षीं सर्वच रीती चांगल्या ठरतात.

मात्र फळछाटणीनंतर तीन ते पांच पानांच्या अवस्थेपासून मणी धरेपर्यंतचा काळ केवड्यास फार नाजूक असतो. त्या काळांत परीक्षेसाठीं म्हणून कोणताहि गट औषधावांचून उघडा टाकूं नये. तुलना दोन उपायांची करावी. उपाय आणि उपेक्षा यांची नव्हे. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे हवामानावर आधारलेले सल्ले पाहावे, आणि औषध व तोडणी यांमध्यें ठेवावयाचें दिवसांचें अंतर कोणत्याहि प्रयोगासाठीं मोडूं नये.

यंत्र विकणारास तीन प्रश्न अवश्य विचारावे. हें यंत्र कोणत्या भागांतील व कोणत्या हंगामांतील नोंदींवर शिकलें? त्या नोंदींत फवारणीच्या व पाण्याच्या वेळा होत्या काय? आणि त्याच्या हुकुमानें चाललेल्या ओळींची इतर ओळींशीं चिठ्ठ्या टाकून तुलना कोणी केली आहे काय? समाधानकारक उत्तर मिळाल्यास खुशाल घ्यावें. न मिळाल्यास आधीं चार गटांवर घ्यावें व सर्व बाग त्याच्या स्वाधीन करण्यास थांबावें.

शेवटीं नोंदवहीविषयीं एक विनंती. औषध अगर पाणी दिल्याची तारीख आपण लिहितांच. त्यापुढें 'कां दिलें' हेंहि एका ओळींत लिहावें. ढग आले म्हणून, डाग दिसला म्हणून, कीं शेजाऱ्यानें फवारलें म्हणून, ही ओळ लिहिण्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु दोन हंगामांनंतर मनुष्यास अगर यंत्रास त्या वहींतून कारणें शोधावयाची असतील, तर बाकीच्या सर्व रकान्यांचा अर्थ त्या एका ओळीनेंच लागेल. येत्या फळछाटणीपासून बागाईतदार बंधूंनीं हा रकाना वहींत आंखून घ्यावा, एवढें सांगून हा लेख पुरा करतों.