कादंबरी सुचवशील तेव्हा

अगं, वाड्यातल्या बायका हल्ली पुस्तक हवं असलं की तुझं नाव काढतात. ऐकून फार बरं वाटलं. पुस्तकांची नावं तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत, म्हणून मी सांगतेय ते माणसांबद्दलचं. कसब्यातल्या आत्याचं बोलणं लांबतं, हे तुला माहीतच आहे.

१. कोणी "काहीतरी चांगलं सुचव" म्हटलं की लगेच नाव सांगू नकोस, आधी विचार, "अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं?" — आवडलेल्या पुस्तकांची नावं माणूस चारचौघांत शोभतील अशी सांगतो, सोडलेल्याचं मात्र खरं सांगतो.

२. एका वेळी एकच नाव दे. दहा सुचवली, एकही न उघडली — यादी फोनमध्ये राहते आणि पुस्तक दुकानात.

३. "खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालंय" एवढ्यावर 'ययाति' कोणाच्या हाती देऊ नकोस. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिथं आपापली बाजू सांगतात, हे सांग — पुरस्कार ऐकून माणूस मान डोलावतो, पान उलटतो ते "आता ती काय म्हणेल" या ओढीनं.

४. 'मृत्युंजय'ची जाडी बघून कोणी बिचकलं, तर म्हणावं, भाग नऊ आहेत, बोलणारे सहा जण आहेत, आधी कर्णाचा पहिला भाग तेवढा वाच — पुढचं कर्ण बघून घेतो.

५. आपल्या पेठेत सगळ्यात जास्त मागणी ऐतिहासिक कादंबरीची. शनिवारवाड्यावरून रोज भाजी घेऊन येणाऱ्या माणसाला पेशव्यांचं वाचावंसं वाटणारच. इथं नुसतं नाव देऊ नकोस, क्रम दे. विश्वास पाटलांचं 'पानिपत' आधी, रणजित देसाईंची 'स्वामी' नंतर. 'स्वामी' आली १९६२ साली आणि 'पानिपत' १९८८ साली, पण वाचायला उलटा क्रम बरा — पानिपतचा घात जानेवारी १७६१ मधला, त्याच वर्षी सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाई आली, आणि 'स्वामी' त्यांना १७७२ साली थेऊरपर्यंत पोचवते. पोरवयातल्या त्या माणसावर केवढं ओझं पडलं, हे आधी पानिपत वाचलेल्याला जास्त लागतं. आणि एवढं जरूर सांग की या कादंबऱ्या आहेत. नेमकं काय घडलं ते हवं असेल तर इतिहासाची पुस्तकं वेगळी उघडावी लागतात.

६. बोलीला अडणारे पुष्कळ भेटतील. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी किंवा 'गारंबीचा बापू'मधलं कोकणातलं बोलणं पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचायला लाव. डोळा अडला की कान पुढं करावा — दोन-चार पानांत माणसं बोलायला लागतात.

७. तीच 'धग' देताना घरातलं थोडं विचारून घे. कौतिकचं आयुष्य वाचायला छाती लागते, आणि नुकतंच दुःख झालेल्या घरी ती तेव्हाच नको — पुस्तक कुठं जात नाही, सहा महिन्यांनी दे.

८. तांबट आळीत दिवसभर ठोके घालून दमलेल्या माणसाला आठशे पानं नकोत. त्याला 'बनगरवाडी' दे, आणि गोष्ट सांगताना "एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो" इथंच थांब. शेवट फोडला, वाचक तोडला.

९. खानदेशातून शिकायला आलेला पोरगा खोलीवर एकटा बसलेला दिसला, तर 'कोसला' — पांडुरंग सांगवीकरही असाच गावाकडून पुण्याच्या कॉलेजात आला होता, आणि आपल्यासारखं कोणी पुस्तकात भेटलं की परकं शहर जरा कमी परकं होतं.

१०. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' हल्लीच्या पोरींना लांबट वाटते. त्यांना सांग, रोज एकच प्रकरण वाचा — ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली, एका बैठकीत संपवायला लिहिलेलीच नाही. यमूचं बोलणं घाईनं ऐकू नये. मला विचारशील तर मराठी वाचणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्याही हातात ही एकदा द्यावी.

११. सुचवायच्या आधी पुस्तक मिळतंय का ते बघ. अप्पा बळवंत चौकात विचार, नाहीतर १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर आहेच — वाचायची इच्छा झाली आणि पुस्तक महिनाभर मिळालं नाही, की ती इच्छा दुसरीकडे जाते. ग्रंथालयात खिडकीवर बसणाऱ्यांशी ओळख ठेव. कुठलं पुस्तक न वाचताच परत येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

१२. घरचं पुस्तक दिलंस तर वहीत नाव नि तारीख लिही, आणि मग गप्प बस. जिन्यात गाठून "वाचलंत का?" विचारायचं नाही — दुसऱ्यांदा विचारलंस की लोक तुला टाळायला लागतात, मग पुस्तकही गेलं नि शेजारही.

१३. नाही आवडलं म्हणाले, तर वाद नको. कुठल्या पानावर थांबलात, तेवढं विचार — पुढचं पुस्तक कुठलं द्यायचं ते त्या पानावर कळतं.

१४. आणि त्यांनी उलट तुला एखादं नाव सांगितलं, तर ते आधी वाच, तुझ्या उशाशी जी चळत पडलीय ती राहू दे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी 'बारोमास' सांगितलंय ना तुला? शेतकऱ्याच्या घरातलं ते सगळं त्यांनी माहेरी बघितलंय. आज-उद्यात आण, आणि वाचून झालं की त्यांच्याकडे जाऊन निवांत बस.