मूळ डिस्क हरवलेला संगणक

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला निवारा, अन्न आणि पुस्तके हवी होती. आज त्या गरजांत संगणकाची भर पडली आहे. वसतिगृहांना देणगीदाखल मिळालेल्या जुन्या यंत्रांसोबत मूळ डिस्क सहसा येत नाही. मग वीज जाता-येता एखादे यंत्र बिघडले, की ‘सीडी नाही’ एवढ्या कारणावरून ते महिनोन्महिने कापडाखाली झाकून राहते. आमच्या मते डिस्क हरवणे ही यातील सर्वांत किरकोळ हानी आहे.

विंडोज विकत घेताना आपण वस्तुतः वापराचा परवाना घेतो. विंडोज ७ पर्यंतच्या तयार यंत्रांवर २५ अक्षरांची किल्ली स्टिकरवर छापलेली असे. लॅपटॉपच्या तळाशी किंवा बॅटरीखाली ती पाहावी. विंडोज ८ पासून ती बहुधा मदरबोर्डमध्येच असते आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यास आपोआप वाचली जाते. सुटे भाग जोडून घेतलेल्या यंत्राचा परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो. कुणी आणून दिलेली ‘क्रॅक’ प्रत टाळावी. मुलांचे जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ज्या यंत्रात राहणार, त्यात अनोळखी हातांनी फेरफार केलेली वस्तू कशाला घालायची?

खरी काळजी आधीच्या कामाची आहे. यंत्र चालू होत नसेल, तर उबुंटू लिनक्स पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, नुसते चालवता येते आणि फाइल्स दुसरीकडे उतरवता येतात. डिस्क बिटलॉकरने बंद असल्यास ४८ अंकी किल्ली प्रथम शोधावी.

आणि फॉन्ट! शाळांतील पुष्कळ जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे. कुठे सी-डॅकच्या आयएसएममधील सुरेख, कुठे श्री-लिपी, कुठे शिवाजी. अशा फाइलमध्ये देवनागरी अक्षर साठवलेलेच नसते. इतर चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. विंडोज नव्याने टाकली की तो फॉन्ट जातो आणि सुखरूप राखलेला निकालही अगम्य चिन्हांचा गोंधळ होऊन उघडतो. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे मोडीचे दप्तर आठवेल: कागद शाबूत, वाचणारा नाही. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डरही उतरवून घ्यावा.

पुढचे काम सोपे आहे. पुष्कळ तयार यंत्रांच्या डिस्कवर कंपनीचा राखीव विभाग असतो. यंत्र सुरू होताना एचपीवर सहसा एफ११, एसरवर आल्ट व एफ१० दाबून तो उघडतो. त्यातून यंत्र कारखान्यातून निघाले तसे होते, अर्थात आपले सारे पुसले जाते. तो विभाग नसल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह तयार करावा. काम चालू असता यंत्र यूपीएसवर ठेवावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर उबुंटू किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स टाकावे. त्यांना किल्ली लागत नाही आणि मराठी लिहिता येते.

यंत्र देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी त्याचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि स्टिकरवरील किल्ली कागदावर लिहून खोक्यात ठेवावी व आपले खाते त्यातून काढून टाकावे.