काळं रेशीम अंगात घालण्याआधी

जुन्या कपड्यांच्या दुकानात मित्रमैत्रिणींबरोबर जरूर जावं, पण तिथे डोळ्यांआधी बोटांचं ऐकावं. गॉथ पेहरावाची आवड असणाऱ्यांना तर हे मी मुद्दाम सांगते. ज्या काळ्या रंगावर आपला जीव, तोच जुन्या रेशमात सगळ्यात जास्त दगा देतो.

मी इंग्लंडात लीड्सला राहते. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा गॉथ मंडळींचा लाडका बँड 1980 मध्ये याच शहरात उभा राहिला, आणि काळ्या कपड्यांची हौस इथे तेव्हापासून मुरलेली आहे. जवळच समुद्रकाठी व्हिटबी आहे. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीत ड्रॅक्युला इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो तो इथेच. 1994 मध्ये तिथे ‘गॉथ वीकेंड’ हा गॉथ मंडळींचा मेळावा सुरू झाला. तिथे जायचं ठरलं की आमच्या गटात कपड्यांचीच चर्चा. अशाच तयारीसाठी आम्ही सगळे एका व्हिंटेज दुकानात गेलो होतो.

एका मैत्रिणीच्या हाती काळ्या रेशमाची बॉडिस (पोशाखाचा कमरेवरचा भाग) लागली. अंगाबरोबर बसणारी, उंच गळ्याची, पुढे बारीक काळ्या बटणांची रांग. आतलं सुती अस्तर धडधाकट, हूक सगळे जागच्या जागी. “घे गं, तुझ्यासाठीच शिवलंय!” असा चहूबाजूंनी गलका झाला. तिनं एक बाही चढवली, दुसरी चढवायला हात मागे नेला आणि पाठीवरचं रेशीम खांद्यापासून कमरेपर्यंत उभं चिरत गेलं. ओढाताण नाही, झटापट नाही. गल्ल्यामागे, आमच्या नजरेला न पडलेली पाटी होती: फाटल्यास पूर्ण किंमत भरावी लागेल. तिनं पैसे भरले. पण पैशांपेक्षा तिला लागलं ते हे, की शंभराहून जास्त वर्षं टिकलेली वस्तू आपल्या अंगावर संपली.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कच्च्या रेशमावरचा डिंकासारखा थर धुऊन काढला की त्याचं वजन जवळपास पाव भागानं घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग ती घट भरून काढायला, आणि त्याहून जास्त वजन चढवायलाही, एकोणिसाव्या शतकात रेशमात धातूंचे क्षार मुरवू लागले. काळ्या रंगासाठी लोह आणि टॅनिन वापरत, पुढे कथलाचे क्षार आले. कापड जड, भरदार, सळसळतं व्हायचं, पण तेच क्षार धाग्याला आतून खात राहतात. ऊन आणि घाम त्यात भर घालतात. आजीचा शालू वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिला की घडीवर चिरतो. क्षार मुरवलेल्या रेशमात मात्र घडी नसलेल्या जागीही तेच होतं. प्रिन्स अल्बर्ट 1861 मध्ये वारल्यावर राणी व्हिक्टोरियानं 1901 मध्ये मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. सुतकी पेहरावाची तेव्हा रीतच पडली, त्यामुळे काळा कपडा आजही दुकानात सापडतो आणि मोह पडतो.

म्हणून कपडा आधी उजेडासमोर धरा. उभ्या, समांतर, केसासारख्या चिरा दिसल्या तर तो अंगात घालायचा नाही. काखा, कमरेची शिवण, हुकांच्या जागा आणि गळपट्टी बघा. घाम आणि ताण तिथेच बसतो. शाबूत अस्तरावर भरवसा ठेवू नका. ताणून तपासू नका, त्या तपासणीतच तो जाईल. लोकरीचा कपडा असेल तर कसर लागल्याची बारीक भोकं शोधा. घरी आणल्यावर असा कपडा पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला की कसर मरते. 1980 च्या दशकातलं पीव्हीसी चिकट झालं असेल तर सोडून द्या. ते सुधारत नाही आणि शेजारच्या कपड्यालाही चिकटतं.

वयाचीही खात्री करा. 1970 च्या दशकात लॉरा ॲशलीसारख्या ब्रँडांनी व्हिक्टोरियन वळणाचे पुष्कळ कपडे बाजारात आणले. आत पॉलिस्टरचं लेबल किंवा नायलॉनची चेन दिसली तर कपडा व्हिक्टोरियन नाही. मात्र रोज वापरायला तोच चांगला, कारण तो धुता येतो. लेबलवरच्या मापाच्या आकड्यावर विसंबू नका, जुनी मापं आजच्यापेक्षा लहान भरतात. टेप बरोबर न्या आणि नीट बसणाऱ्या आपल्या एखाद्या कपड्याची मापं लिहून न्या.

गटानं जाणाऱ्यांनी आणखी थोडं सांभाळावं. खिळ्यांची कडी, अंगठ्या, साखळ्या दाराशीच काढून पिशवीत टाका. जुन्या लेसमध्ये त्या हमखास अडकतात. काळी लिपस्टिक आणि पांढरा मेकअप त्या दिवशी नको, गळ्यावरचा डाग निघत नाही. दुकान अरुंद असेल तर दोघादोघांनी आत जा. घालून बघायचं असेल तर आधी दुकानदाराला विचारा, फाटलं तर काय, हेही तेव्हाच विचारा. आमच्यात आता ज्याला घ्यायचं नसतं तो कपडा तपासतो. त्यानं नको म्हटलं की बाकीच्यांनी गळ घालायची नाही.

बिलावर वर्णन लिहून घ्या: कुठल्या काळाचा, कशाचा. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार दुकानातला जुना मालही सांगितल्याबरहुकूम असावा लागतो. नसेल तर 30 दिवसांत परत करता येतो. नुसतं मन बदललं म्हणून परत घेण्याचं बंधन दुकानावर नाही.

आणि अस्सल जुनं रेशीम मिळालंच, तर ते मिरवण्यासाठी घेऊ नका, शिकण्यासाठी घ्या. शिवण कुठे फिरवली आहे, आकार धरून ठेवणाऱ्या कडक पट्ट्या कुठे घातल्या आहेत, ते कागदावर उतरवा. जॅनेट अर्नोल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’मध्ये वस्तुसंग्रहालयांतल्या कपड्यांचे असे आराखडे आहेत. त्यावरून नव्या, मजबूत कापडात शिवलेली बॉडिस व्हिटबीचा वारा खात दिवसभर घालता येते, नाचता येते, धुता येते. जुनी मऊ कागदात आडवी ठेवा, टांगू नका. आपल्याला ती खरोखर आवडत असेल, तर तिला पुढच्या माणसापर्यंत पोचू देणं हे आपलंच काम आहे.