भर दुपारी इंद्रधनुष्य का दिसत नाही?

प्रश्न : सोलापुरात इंद्रधनुष्य दिसलेच तर बहुधा संध्याकाळी, तेही पूर्वेला. दुपारी ऊन-पाऊस एकदम असूनही का दिसत नाही? आणि सूर्याभोवती भर दुपारी कधी कधी गोल कडे पडते, ते इंद्रधनुष्यच का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. थेंबात शिरलेला किरण वाकतो, थेंबाच्या मागच्या बाजूवर आपटून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. परतलेला प्रकाश सर्वांत दाट होतो तो आपल्या डोक्याच्या सावलीभोवती 42 अंशांवर. सूर्य त्याहून उंच असेल तर अख्खी कमान क्षितिजाखाली जाते. सप्टेंबर हा सोलापूरचा भरपावसाचा महिना. त्या दिवसांत सूर्य 42 अंशांच्या खाली येतो दुपारी साडेतीनच्या सुमारास. पाच वाजता तो 20 अंशांवर असतो आणि कमानीचा माथा पूर्वेला 22 अंशांवर, म्हणजे हात ताठ करून धरलेल्या वितीएवढ्या उंचीवर. दिवसभर तापून संध्याकाळी कोसळणारा पाऊस इथला नेहमीचाच, म्हणून कमान पूर्वेला. सर ओसरताच सूर्याकडे पाठ करून बघा. त्याच वेळी बाहेरच्या बाजूला, 51 अंशांवर, फिकट दुसरी कमान शोधा. तिचे रंग उलटे असतात आणि दोन कमानींमधले आकाश चक्क काळवंडलेले दिसते. हा काळवंडलेला पट्टा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, त्याचे मला फार वाईट वाटते.

दुपारी बारालाही इंद्रधनुष्य पाहता येते, फक्त खाली. गच्चीवर पाइपच्या तोंडाशी बोट धरून बारीक फवारा उडवा आणि आपल्या सावलीकडे बघा, पायांपाशी रंग उमटतील.

सूर्याभोवतीचे कडे मात्र वेगळे. ते खळे. वराहमिहिरानेही ‘बृहत्संहिते’त इंद्रधनुष्य आणि खळे यांची प्रकरणे वेगळी ठेवली आहेत. खाली सोलापूर चाळीस अंशांवर तापलेले असले तरी आठ-दहा किलोमीटर उंचीवरचे पिंजलेले ढग बर्फाचे असतात. त्यांतल्या षट्कोनी स्फटिकांतून किरण आरपार जाताना निदान 22 अंश तरी वळतो, म्हणून कडे तेवढ्या अंतरावर पडते. तांबडा रंग इथे आतल्या काठाला असतो, इंद्रधनुष्यात बाहेरच्या. खळे पडले म्हणजे पाऊस येणारच, असे मात्र नाही. बघताना सूर्य भिंतीच्या कोपऱ्याआड ठेवा. पौर्णिमेच्या आसपास चंद्रालाही असेच खळे पडते, ते मनसोक्त बघा.