गोल्फमधला शिष्टाचार गेला का?

प्रश्न : आमच्या क्लबात हल्ली कुणी बंकरमधली वाळू सारखी करत नाही, की ग्रीनवरचे खळगे बुजवत नाही. टोकलं तर म्हणतात, '२०१९पासून शिष्टाचार नियमांतून काढलाय.' खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शिष्टाचाराचं स्वतंत्र प्रकरण गेलं. पण प्रामाणिकपणा, इतरांचा विचार आणि मैदानाची काळजी या अपेक्षा थेट नियम १.२ मध्ये आल्या. गंभीर गैरवर्तनाबद्दल समिती खेळाडूला बाद करू शकते. आचारसंहिता केली असेल, तर पेनल्टीचे फटकेही देता येतात. तशी संहिता करायला तुमच्या समितीला सुचवा. टोकायचं तर खेळ संपल्यावर, एकट्याला गाठून. मात्र तयार असलेल्याने आधी फटका मारला, तर तो उद्धटपणा समजू नका. वेळ वाचवण्यासाठी स्ट्रोक प्लेमध्ये नियमच तसं सुचवतात. फक्त पुढचा गट पल्ल्याबाहेर गेलेला हवा.