लहान श्वासाची राखण : बालकांच्या भूलसेवेविषयी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांचा तक्ता असतो, शल्यचिकित्सकांची नावे असतात, नव्या कक्षाचे छायाचित्र असते. भूलसेवा मात्र बहुधा जमाखर्चात, औषधे व वायू या शीर्षाखाली, एका ओळीत सामावलेली दिसते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकाचा कोणताही अधिकार त्यास नाही. तथापि खरेदीच्या मागणीपत्रांवर सह्या करताना आणि भूलतज्ज्ञांना 'हे कशासाठी?' असे विचारताना जे समजत गेले, ते आपल्या देणगीदारांपुढे, हितचिंतकांपुढे व पालकांपुढे ठेवावे, एवढाच हेतू आहे. बालकाला भूल देताना काही बिघडले तर ते सावरण्यास मिळणारा वेळ फार थोडा असतो आणि तो आधीच्या तयारीतूनच मिळवावा लागतो, हे या लेखाचे सूत्र.

भूलशास्त्राचा इतिहास आपल्या मुलखाला परका नाही. ईथरची भूल १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे जाहीरपणे दाखविण्यात आली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिले असता दगावली. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा वाद पुढे चाळीस वर्षे चालला आणि तो सोडविण्यासाठी १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले ते हैदराबादेत, निजामाच्या खर्चाने. रेणापूर, लातूर, नांदेड हा सारा प्रदेश तेव्हा त्याच संस्थानात होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की, नाडी धरून बसू नका, श्वासाकडे पाहा. डॉ. रूपाबाई फरदूनजी याच काळात हैदराबादेत शिकल्या. भूल देण्याचे काम करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. हृदयाला धोका नाही हा आयोगाचा निष्कर्ष १९११ साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी खोटा ठरविला. परंतु श्वासाकडे पाहण्याचा आग्रह बालकांच्या बाबतीत आजही खरा आहे, कारण भुलीखाली बालकांवर येणारी संकटे बहुतेक श्वासाच्या वाटेनेच येतात.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. वजनाच्या मानाने तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक प्राणवायू लागतो आणि फुप्फुसांतील शिल्लक मात्र तुटपुंजी असते. जमा थोडी, खर्च मोठा. आधी भरपूर प्राणवायू दिलेल्या निरोगी प्रौढाचा श्वास थांबला तर भूलतज्ज्ञाला काही मिनिटे मिळतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत दीड-दोन मिनिटांतच रक्तातील प्राणवायू घसरू लागतो. श्वासनलिकेचा व्यास जेमतेम चार मिलिमीटर. तिला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की व्यास निम्मा होतो आणि श्वासाला होणारा अडथळा सोळापट वाढतो. म्हणूनच सर्दी-खोकल्याचे मूल ठरलेल्या दिवशी परत पाठविले जाते. लांबून पदरमोड करून आलेल्या पालकांना याचा राग येतो. तो समजण्यासारखा आहे. तरीही दोन आठवडे थांबणेच हिताचे.

दुभंगलेले ओठ व टाळू यांच्या शस्त्रक्रियेत ही अडचण सर्वांत ठळक दिसते. शल्यचिकित्सकाला काम करावयाचे असते तोंडात आणि भूलतज्ज्ञाची वाटही तीच. न्यूकॅसलचे डॉ. फिलिप आयर स्वतः दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मले होते. अशा बालकांना भुलीखाली यंत्राच्या जड झडपांतून श्वास ओढताना होणारे कष्ट पाहून त्यांनी १९३७ साली झडप नसलेली, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक साधी नळी योजली. लिव्हरपूलचे जॅक्सन रीस यांनी १९५० साली तिला उघड्या तोंडाची पिशवी जोडली. ती पिशवी हातात धरून बाळाचा प्रत्येक श्वास बोटांना जाणवतो. आजही शस्त्रक्रियागृहात 'जे. आर. सर्किट द्या' असे ऐकू येते, ते याच रीस यांच्या नावाने.

आपल्या भागात अशा बालकांची सोय दूर नाही. रेणापूर तालुक्यातील माकेगावच्या लहाने कुटुंबातील प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी लातूर येथे 'स्माईल ट्रेन' या संस्थेच्या साहाय्याने या शस्त्रक्रिया विनामूल्य करण्याचे मोठे काम उभे केले आहे. गरोदरपणी ग्रहणात विळी हाती धरली म्हणून ओठ फाटला, ही समजूत मात्र अजून ऐकू येते व विनाकारण आईला बोल लावला जातो. ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर करतात. वय दहा आठवडे, वजन दहा पौंड व हिमोग्लोबिन दहा, असा जुना दंडक आहे. तोवर बाळाचे वजन वाढविणे हीदेखील भुलीचीच पूर्वतयारी होय.

रक्ताचा हिशेबही असाच काटेकोर आहे. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे अडीचशे मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या पेल्याएवढे. दोन-तीन कापसाचे बोळे भिजले तरी भूलतज्ज्ञ ते मोजतो. ऊब तशीच चटकन निघून जाते, म्हणून बाळाच्या शस्त्रक्रियेवेळी वातानुकूलन बंद करावे लागते. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना शल्यचिकित्सक घामाने निथळत काम करतात आणि तक्रार प्रशासकाकडे येते! औषधाची मात्रा वजनावर ठरते. खातेवहीत दशांश चिन्ह एक घर सरकले तर लेखापरीक्षणात सापडते. सिरिंजमध्ये सरकले तर दहापट औषध अंगात जाते. त्यामुळे वजन काट्यावरच घ्यावे, अंदाजाने नव्हे, आणि मात्रा दोघांनी मोठ्याने वाचावी, असा आमच्याकडे नियम आहे.

उपाशी पोटाचा नियम पालकांच्या हातात असल्याने तो थोडा विस्ताराने सांगतो. भुलीखाली पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेपूर्वी जेवण व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास बंद, असा प्रचलित नियम आहे. अलीकडे युरोपात तो आणखी सैल करण्यात आला आहे. रडणारे लेकरू पाहून आजीचा जीव कळवळतो आणि चहात बुडविलेले बिस्किट हळूच तोंडात जाते. आजीने ते लपवू नये. सांगितल्यास शस्त्रक्रिया पुढे जाईल, एवढेच. उलटपक्षी 'रात्री बारानंतर थेंबही नको' हा जुना हुकूमही तान्ह्यांना जाचक आहे. त्यांच्या रक्तातील साखर उतरते व अंगातील पाणी कमी होते. म्हणून शस्त्रक्रियांच्या यादीत सर्वांत लहान बाळाचा क्रमांक पहिला असावा.

"लेकराला भूल सोसंल का?" हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. पूर्वी याचे उत्तर फार विचित्र दिले जाई. नवजात बाळाला वेदना कळत नाहीत असे मानून अत्यंत तोकड्या भुलीवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर अधिक स्थिर राहते, हे त्यातून दिसले आणि जगभरची रीत पालटली. मेंदूवरील परिणामांविषयीची शंकाही रास्त आहे. हर्नियासाठी तासाभराहून कमी भूल दिलेल्या तान्ह्यांचा पाचव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अशा एका लहान भुलीने बुद्धीवर परिणाम झाल्याचे त्यात आढळले नाही. दीर्घ किंवा वारंवार भुलीबाबत इतके ठामपणे बोलता येत नाही.

आता प्रशासकाच्या टेबलावरचा विषय. अडीचपासून सहा मिलिमीटरपर्यंतच्या नळ्या, प्रत्येक मापाची एक वरची व एक खालची हाताशी. लहान मुखवटे, लहान लॅरिंगोस्कोप, बाळाच्या बोटाला बसणारा पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा, नळी योग्य जागी आहे हे उच्छ्वासावरून दाखविणारा कॅप्नोग्राफ. यांतील पुष्कळ वस्तू वर्षभरात क्वचित वापरल्या जातात व काही मुदत संपून टाकाव्या लागतात. साठा तपासणाऱ्यास हा अपव्यय वाटतो. मला तो विम्याच्या हप्त्यासारखा वाटतो. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. ती देयकाच्या कामी येते, पण साडेतीन मिलिमीटरची नळी आदल्या दिवशी कपाटात असण्याची तजवीज त्यातून होत नाही. दात्यांचा ओढा स्वाभाविकपणे नावाच्या पाटीकडे असतो आणि नळीवर पाटी बसत नाही. तरीही या साहित्यासाठी यंदा स्वतंत्र तरतूद ठेवावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे मांडला आहे.

अपुऱ्या दिवसांची व जन्मजात हृदयदोष असलेली बाळे आपण येथे शस्त्रक्रियेस घेत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास भूल उतरल्यानंतरही काही तासांनी थांबू शकतो. त्याला रात्रभर नजरेखाली ठेवणारा कक्ष लागतो. लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वीसएक किलोमीटरवर आहे. अंगणवाडी व शाळेतील तपासणीत, म्हणजे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, दोष आढळलेल्या बालकांची पुढील व्यवस्था शासनाकडून होते. बाळ पाठविताना आधी तिकडच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलणे होते आणि रुग्णवाहिकेत प्राणवायू, योग्य मापाचा मुखवटा, परिचारिका, वजनाची नोंद असलेली चिठ्ठी व बाळाची आई यांपैकी काहीही मागे राहणार नाही, हे निघण्यापूर्वी पाहिले जाते.