शेकडेवारी आणि परिचारिकांची पगारवाढ



शेकडेवारी शिकवताना आपण नफा-तोटा आणि दुकानातली सूट यातच अडकून राहतो. यंदा मी सातवीला ब्रिटनमधल्या परिचारिकांचं खरं उदाहरण दिलं. तिथली सरकारी आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, मुख्यतः करांच्या पैशावर चालते. त्यामुळे नर्सचा पगार किती वाढवायचा हे शेवटी सरकारच ठरवतं.

फळ्यावर आकडे लिहिले. इंग्लंडमध्ये नव्याने लागलेल्या नर्सचा वर्षाचा मूळ पगार होता २५,६५५ पौंड. जुलै २०२२ मध्ये सरकारने १,४०० पौंडांची वाढ जाहीर केली, म्हणजे २७,०५५. वाढ किती टक्के? मुलांनी गणित केलं, सुमारे साडेपाच टक्के. "मग चांगलीच की!" असं एक जण म्हणाला.

मग महागाई सांगितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे महागाईचा दर ११.१ टक्के होता. आधी जेवढं सामान येत होतं तेवढंच आणायला पगार किती हवा? २५,६५५ चे ११.१ टक्के काढून मिळवले तर जवळपास २८,५०३. म्हणजे वाढ मिळूनही साधारण १,४५० पौंड कमीच पडले! इथे वर्ग गप्प झाला. पगार वाढला तरी माणूस मागे पडतो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. (खरं सांगायचं तर आपल्यालाही महागाई भत्ता लांबला की मगच ते कळतं.)

पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला, "सर, हे पैसे सरकारने वेगळे दिले का?" नाही दिले. अंदाजपत्रकात ३ टक्के वाढ धरलेली होती, वरचा खर्च आरोग्य सेवेने आहे त्याच पैशातून भागवायचा होता. मी म्हटलं, घरी बाबा आईला म्हणाले की दिवाळीला साडी घे, पण किराण्याच्या पैशातूनच घे, तर काय होईल? "डाळ कमी येईल." दवाखान्याची 'डाळ' म्हणजे औषधं, यंत्रं, नवीन माणसं.

१५ डिसेंबर २०२२ ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये संप केला. संघटना १९१६ ची, पण इंग्लंडमधल्या सभासदांचा हा पहिलाच संप. २०२३ मध्ये तडजोड निघाली: मागच्या वर्षासाठी किमान १,६५५ पौंड एकदाच, आणि पुढे ५ टक्के वाढ. या संघटनेच्या सभासदांनी मतदानात ती नाकारली, पण इतर संघटनांच्या बहुमतामुळे ती सर्वांना लागू झाली.

गृहपाठ दिला, २७,०५५ वर ५ टक्के. उत्तर २८,४०७ च्या थोडं वर. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वही घेऊन आली. "सर, हे कालच्या २८,५०३ पेक्षा अजून कमीच आहे. आणि मधल्या महिन्यांची महागाई आपण धरलीच नाही."